उत्क्रांतीचा धडा आणि कामगाराचे मूल

टाळगाव चिखली हे आमच्या गावाचे पूर्ण नाव. तुकाराम महाराज वैकुंठास निघाले तेव्हा त्यांच्या हातचे टाळ येथे पडले, अशी गावाची श्रद्धा आहे आणि नाव त्यावरूनच पडले. इंद्रायणीच्या वरच्या अंगास देहू, खालच्या अंगास आळंदी, आणि याच पट्ट्यात तळवडे, भोसरी व चाकण येथील कारखाने. अशा ठिकाणी वसंतातील व्याख्यानासाठी आम्ही उत्क्रांतीचा विषय घेतला, तेव्हा युनियनमधील एका जुन्या सोबत्याने विचारले, "अण्णा, बोनसचे सोडून हे माकडाचे काय काढलेत?"

प्रश्न रास्त आहे. ज्याने आयुष्यभर करारनामे लिहिले, त्याने जीवशास्त्रात का शिरावे? आमचे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे आय.टी.आय. आणि लगेच कारखाना. त्यानंतर जे काही शिकलो ते वाचनालयात आणि अशाच व्याख्यानांत. तेव्हा पंडित म्हणून बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या विषयाचा दहावीशी आणि कारखान्याच्या दाराशी फार जवळचा संबंध आहे असे आम्हांस दिसून आले, आणि ते सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलो.

प्रसंग असा. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही एका सहकाऱ्याच्या घरी बसलो होतो. दोन भावांचे एकत्र कुटुंब. थोरल्याची मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत, धाकट्याचा मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत, आणि दोघेही त्या वर्षी दहावीत. दोघांची विज्ञानाची पुस्तके समोर होती म्हणून चाळून पाहिली. मुलीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या पुस्तकातील पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मुलाच्या नव्या पुस्तकात त्या धड्याच्या जागी नुसती आनुवंशिकता. शेजारच्याकडून आणलेले जुने पुस्तकही त्याच्याजवळ होते. त्यात मात्र दोन्ही शब्द होते. मुलाने विचारले, "काका, उरलेला अर्धा धडा कुठे गेला?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हे व्याख्यान तयार झाले.

उत्तराची सुरुवात आपल्याच राज्यात करावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन भरले होते. त्या वेळी तेथे आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री डॉ. सत्यपाल सिंह यांनी असे म्हटले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले वा लिहिलेले नाही. माणूस पृथ्वीवर दिसू लागला तेव्हापासून तो माणूसच आहे. म्हणून शाळा-महाविद्यालयांचा अभ्यासक्रम बदलला पाहिजे. हे गृहस्थ महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांचे पोलीस आयुक्त म्हणून त्यांनी काम केले होते. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेला माणूस असे म्हणतो, याचे लोकांना अधिक नवल वाटले.

गदारोळ झाला. दिल्ली, बंगळूर आणि अलाहाबाद येथील देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमी एरवी क्वचितच एका कागदावर सही करतात. या वेळी त्यांनी संयुक्त पत्रक काढले की, उत्क्रांतीचे शिक्षण काढून टाकणे म्हणजे मागे जाणे होय. शेकडो शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रावर नावे घातली. खात्याचे मुख्य मंत्री प्रकाश जावडेकर हे मूळचे पुण्याचेच. त्यांनी अशी विधाने टाळावीत असे आपल्या सहकाऱ्यास सांगितल्याचे जाहीर केले. अभ्यासक्रम बदलला नाही. उलट त्याच २०१८ साली बालभारतीचे दहावीचे नवे पुस्तक आले आणि त्यात उत्क्रांती पहिल्या धड्यात बसली. थोरल्याच्या मुलीच्या हातात होते ते हेच पुस्तक. समोरासमोरची लढाई विज्ञानाने जिंकली, असे तेव्हा सर्वांना वाटले. आम्हांलाही वाटले.

येथे थांबून मंत्रिमहोदयांच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कारण तो एकट्या मंत्र्याचा नाही. चहाच्या टपरीवर तो आम्ही अनेकदा ऐकला आहे. "माकडाचा माणूस झाला, तर आताची माकडे का होत नाहीत?"

याचे उत्तर त्या दोन भावांच्या घरातच आहे. थोरल्याची मुलगी धाकट्याच्या मुलापासून झालेली नाही. ती दोघे चुलत भावंडे. दोघांचा आजा एक. आजचे माकड आणि आजचा माणूस यांचे नाते असे आहे. आज झाडावर दिसणाऱ्या माकडाचा माणूस झाला असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार फार मागे एक होते, असे ते म्हणते. चुलत भाऊ हा आपला बाप का नाही, असे कोणी विचारीत नसते.

दुसरा आक्षेप, कोणी पाहिले आहे? माणूस घडताना पाहणारा कोणी असणे शक्यच नव्हते. पण ज्या रीतीने सजीव बदलतात ती रीत आपण डोळ्यांनी पाहतो, आणि ती सभा ज्या शहरात भरली त्याच्या भोवतालच्या शेतकऱ्यांनी ती त्याच हंगामात पाहिली होती. २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भ येथील कपाशी गुलाबी बोंडअळीने खाल्ली. ही कपाशी साधी नव्हती. अळीला मारणारी विषारी प्रथिने तिच्या अंगातच असलेली बीटी कपाशी होती. एका प्रथिनाचे वाण २००२ साली आले, दोन प्रथिनांचे २००६ साली. सुरुवातीला अळ्या मेल्या. पण लाखो अळ्यांत काही थोड्या अशा असतात की ज्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या. यांचीच पिल्ले झाली, आणि ती आईबापांसारखीच विषाला दाद न देणारी निघाली. पिढ्यांमागून पिढ्या हेच होत गेले आणि पंधरा वर्षांच्या आत शेतात मुख्यतः विष पचविणारी अळी राहिली. अळीने काही ठरविले नाही, कोणी तिला शिकविले नाही. प्रत्येक पिढीत थोडा फरक, तो फरक संततीत उतरणे, आणि परिस्थितीत जो टिकेल त्याचीच संतती वाढणे, या तीन गोष्टींवर सारा कारभार चालतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. अळीची अळीच राहिली हे खरे. पंधरा वर्षांत एवढाच बदल व्हायचा. पण पंधरा वर्षांच्या जागी कोट्यवधी वर्षे ठेवली म्हणजे केवढा पल्ला गाठला जातो, ते दगडांत सापडते.

दगडही दूरचे नकोत. मुंबईच्या वरळीच्या टेकडीत, लाव्हारसाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात, लहान लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. इंग्लंडातील रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे डार्विनचा ग्रंथ निघण्याच्या बारा वर्षे आधी गिरणगावच्या शेजारचा बेडूक शास्त्रात दाखल झाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्या गोळ्यांत गवताच्या पेशींतील सूक्ष्म कण शोधून काढले. गवत त्या काळी नव्हतेच, अशी तोवर समजूत होती, ती बदलली. चूक सापडली की दुरुस्त करायची, हा विज्ञानाचा शिरस्ता आहे. त्यामुळे 'सिद्धांत' हा शब्द ऐकून कोणाची तरी कल्पना असा अर्थ करणे चुकीचे होय. नव्या पुराव्यासमोर पुन्हा पुन्हा उभे राहून जे टिकले आहे त्यास सिद्धांत म्हणतात.

आता जरा अमेरिकेकडे वळू. कारण या वादाचा सर्वांत गाजलेला खटला तेथे झाला, आणि आपल्याकडे २०१८ नंतर जे घडले ते समजण्यास त्या खटल्यामागची एक गोष्ट फार उपयोगी पडते.

टेनेसी राज्याने १९२५ साली असा कायदा केला की, बायबलातील मानवोत्पत्तीची कथा नाकारणारा आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून झाला असे सांगणारा कोणताही विचार सरकारी शाळांत शिकवू नये. डेटन या लहानशा गावातील जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर त्या कायद्याखाली जुलै १९२५ मध्ये खटला भरला. कायद्याच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले, शिक्षकाच्या बाजूने क्लॅरेन्स डॅरो. आमच्यासारख्याने ही दोन नावे नीट पाहावी. ब्रायन तीन वेळा अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले, कर्जबाजारी शेतकऱ्यांचे कैवारी. डॅरो हे कामगारांचे वकील. रेल्वेच्या पुलमन संपानंतर कामगारपुढारी यूजीन डेब्ज यांचा बचाव त्यांनी केला होता. कष्टकऱ्यांचे दोन मित्र एकमेकांविरुद्ध उभे होते.

ब्रायन अडाणी नव्हते. त्यांना एक भीती होती. 'जो बलवान तोच टिकणार' हे तत्त्व मुलांना शिकविले तर गरिबाला चिरडणे हाच निसर्गनियम ठरेल, असे त्यांना वाटे. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. कामगार कमी करायचे ठरले की वरच्या माणसांच्या तोंडून "लायक असेल तो टिकेल" हे वाक्य आम्ही स्वतः वाटाघाटीच्या टेबलावर ऐकले आहे. जणू काही यादी निसर्गाने तयार केली आणि व्यवस्थापनाने फक्त टंकलिखित केली! स्कोप्सच्या शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात तर मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसविले होते. तेव्हा डार्विनच्या नावाने पुष्कळ अन्याय खपविला गेला, हे मान्य केले पाहिजे.

पण दोष डार्विनचा किती? 'लायकाचा टिकाव' हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर यांचा. डार्विनने तो मागाहून उचलला. आणि त्यात लायक म्हणजे बलवान नव्हे, त्या वेळच्या परिस्थितीत ज्याची संतती उरली तो. पीटर क्रोपोटकिन यांनी १९०२ साली 'परस्पर साहाय्य' या विषयावर ग्रंथ लिहून दाखविले की, प्राण्यांच्या जगात एकमेकांस धरून राहणारेही टिकतात. शिवाय निसर्गात अमुक घडते एवढ्यावरून समाजात तेच घडावे असे निघत नाही. पूर येणे हा निसर्ग आहे. म्हणून कोणी धरण बांधू नये असे ठरत नाही. ब्रायन यांच्या भीतीवर खरा उपाय धडा बंद करणे हा नव्हता; धडा नीट शिकविणे हा होता.

स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. १९२७ साली वरच्या न्यायालयाने तो तांत्रिक कारणावर रद्द केला. वर्तमानपत्रांनी कायद्याची टर उडविली आणि डॅरो यांचा पक्ष जिंकला असे जगाला वाटले. परंतु त्याच सुमारास पडद्याआड काय झाले ते पाहा. ज्या पुस्तकावरून खटला उभा राहिला, त्याची नवी आवृत्ती १९२६ साली निघाली; तीत उत्क्रांती हा शब्दच उरला नव्हता. इतर प्रकाशकांनीही तोच मार्ग धरला. कोणाला बंदीचा हुकूम द्यावा लागला नाही. धंदा बुडू नये म्हणून पाने आपोआप गळाली. पुढे १९५७ साली रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला, विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो अशी हाकाटी अमेरिकेत झाली, आणि त्यानंतरच्या नव्या पुस्तकांतून उत्क्रांती परत आली. टेनेसीचा कायदा १९६७ साली रद्द झाला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदीचे कायदे घटनाबाह्य ठरविले. १९८७ साली उत्क्रांतीबरोबर निर्मितीवादही शिकवावा असे सांगणारा लुइझियाना राज्याचा कायदा फेटाळला. आणि २००५ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळेबाबत, निर्मितीवादाला नवे शास्त्रीय नाव दिल्याने तो विज्ञान होत नाही, असा निकाल तेथील संघीय न्यायालयाने दिला. एवढे सारे झाले, पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या मुलांना ती पाने मिळाली नाहीत, त्यांना ती कोण परत देणार?

आपल्याकडे अशी धर्मविरुद्ध-विज्ञान अशी चुरस फारशी झाली नाही, असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. ते बरेचसे खरे आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गीतारहस्या'त सांख्यांच्या सृष्टिविचाराशेजारी डार्विन आणि हेकेल यांच्या विचारांची मांडणी केली आहे. त्यांना त्यात धर्मबुडवेपणा दिसला नाही. कित्येक कीर्तनकार मत्स्य, कूर्म, वराह अशी अवतारांची रांग लावून हीच उत्क्रांती असे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु तुलना टिकत नाही. अवतार हेतूने येतो, दुष्टांच्या निर्दालनासाठी येतो. बोंडअळी हेतूने बदलत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या तर दोहोंचा मान राहतो.

तथापि सृष्ट्युत्पत्तीचा एक वाद महाराष्ट्रात झाला, आणि तो अमेरिकेपेक्षा अधिक जिव्हारी लागणारा होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्यात धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. सुरुवातीलाच प्रश्न येतो तो उत्पत्तीचा : ब्रह्म्याच्या मुखापासून एक जात, बाहूंपासून दुसरी, पायांपासून तिसरी जन्मली, हे कसे खरे मानावे? सर्व देशांतील माणसे आईच्या पोटी जन्मतात, मग येथेच चार अवयवांचे चार जन्म कसे? माणूस कोठून आला या प्रश्नात कोणी पाणी कोठे भरावे, कोणी शाळेत बसावे आणि कोणी रस्ता झाडावा याचा निकाल आपल्याकडे आधीच लावून ठेवलेला होता. जोतीरावांनी डार्विनचा आधार घेतला नाही. साध्या शेतकऱ्याच्या अकलेचा घेतला. परंतु सगळी माणसे एकाच मुळाची आहेत हे जे त्यांनी न्यायासाठी मांडले, त्याला जीवशास्त्राने पुढे पुराव्याने पाठिंबा दिला.

याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे आमच्या चळवळीचे मूळ पुरुष. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नाने, १० जून १८९० रोजी. तेव्हा या देशातील कामगार चळवळ जन्मली ती सत्यशोधकांच्या घरात. आमचा सोबती विचारतो की बोनस सोडून हे काय. त्याला आमचे उत्तर असे की, हे आमच्या घरचेच काम आहे.

आता त्या मुलाच्या अर्ध्या धड्याकडे येऊ. २०२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.ई.आर.टी.ने, कोरोनामुळे मुलांवर आलेला ताण हलका करण्यासाठी पुस्तकांतील मजकूर कमी करण्याचे ठरविले. २०२३-२४ साठी छापलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला : जीवसृष्टीची उत्पत्ती गेली, जीवाश्म गेले, डार्विनवरील चौकट गेली, मानवाची उत्क्रांती गेली. मूलद्रव्यांच्या आवर्त वर्गीकरणाचा धडाही गेला. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पत्रावर अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी यांनी सह्या करून हा भाग परत घालावा अशी विनंती केली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परिषदेने आणि केंद्रीय शिक्षण खात्याने सांगितले की डार्विनला हद्दपार केलेले नाही. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पूर्ण धडा आहे. हे खरे आहे, आम्ही स्वतः तो पाहिला. या कपातीमागे २०१८ चे भाषण होते, असा पुरावा आमच्याजवळ नाही, आणि पुराव्यावाचून आरोप करणे आम्हांस शोभत नाही. आमचा मुद्दा हेतूचा नाही. परिणामाचा आहे.

बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत कोण जातो? जो अकरावीत विज्ञान शाखा घेतो आणि त्यातही जीवशास्त्र निवडतो तो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला उत्क्रांती मिळेल. वाणिज्य घेणाऱ्याला नाही. कला शाखेच्या मुलीला नाही. गणित-भौतिकी घेऊन अभियंता होणाऱ्यालाही नाही. आणि दहावीनंतर आय.टी.आय.त फिटर, टर्नर, वेल्डर होणाऱ्याला तर नाहीच नाही. दहावी हे आमच्या मुलांसाठी सामान्य विज्ञानाचे शेवटचे स्टेशन आहे. गाडी पुढे जाते, पण त्यात आमची मुले नसतात. त्या स्टेशनावर जे चढविले नाही ते त्यांना पुढे मिळत नाही. भार हलका केला असे सांगितले गेले. पण ज्याला पुढे तोच माल दुप्पट मिळणार आहे त्याचा भार हलका झाला. ज्याला पुढे काहीच मिळणार नाही त्याची शिदोरी हलकी झाली.

कोणी म्हणेल, वेल्डरला उत्क्रांती कशाला हवी? याच्यावर आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, क्षयाची औषधे अर्धवट सोडली की जंतू औषधाला का जुमानत नाहीत, हे बोंडअळीचेच गणित आहे. आणि दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराला ते कळणे हा जिवाचा प्रश्न आहे. दुसरी, तू अमुक जातीचा म्हणून तुझे रक्त वेगळे, असे त्याला कोणी सांगितले तर सर्व माणसांचे कुळ एक आहे हे त्याला पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे. तिसरी, "लायक तो टिकेल" म्हणून त्याला दाराबाहेर काढू लागले तर ते वाक्य निसर्गाचे नसून मालकाचे आहे, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

आणि ज्ञान ही वरच्यांची मिरास नव्हे, हे याच सिद्धांताचा इतिहास सांगतो. डार्विनबरोबरच, स्वतंत्रपणे, नैसर्गिक निवडीचा शोध लावणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला होता. लंडनमध्ये कारागिरांसाठी चालणाऱ्या व्याख्यानगृहात आणि वाचनालयांत त्याने आपले शिक्षण केले. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. पुढे थॉमस हक्सले यांनी हा विचार १८६२ साली लंडनच्या कामगारांपुढे सहा व्याख्यानांतून मांडला. आपल्या पुण्यात राहून गेलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती आणि इतिहासकार. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी मांडलेले सूत्र जगभरच्या ग्रंथांत त्यांच्या नावाने ओळखले जाते. हा विचार परका आहे, की आपला नव्हे, असे कोणी सांगू लागला तर ही नावे त्याच्यापुढे ठेवावीत.

करारनाम्याच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. मालक एखादे कलम उघडपणे काढू म्हणाला तर कामगार दाराशी गोळा होतात आणि कलम वाचते. पण नवा मसुदा टंकून आला, त्यात ते कलम नुसते उतरलेच नाही आणि कोणी जुना करार शेजारी ठेवून वाचला नाही, तर सही झाल्यावर कळते. २०१८ साली कलम उघडपणे काढू म्हटले गेले. लोक जमले, कलम वाचले. २०२२-२३ साली ते मसुद्यात उतरले नाही. अमेरिकेत १९२६ साली नेमके हेच झाले होते.

हे आज सांगण्याचे कारण असे की, २०२५ साली महाराष्ट्र सरकारने राज्याच्या शाळांत केंद्रीय मंडळाच्या धर्तीचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले. त्यात चांगले पुष्कळ असेल. आम्ही आधीच वाईट बोलत नाही. परंतु थोरल्याच्या मुलीने जो पहिला धडा वाचला, तो नव्या मसुद्यात आहे की नाही हे जुने पुस्तक शेजारी ठेवून पाहणारे कोणीतरी असले पाहिजे. पालक-शिक्षक सभेत फी आणि गणवेश यांवर बोलतो, तसे एकदा पुस्तक मागून घेऊन अनुक्रमणिका वाचावी. शिक्षकांना विचारावे. धडा नसेल तर शिक्षण खात्यास सह्यांचे पत्र लिहावे. हे काम आपल्याला येते; पाण्याच्या टँकरसाठी आपण ते केलेले आहे.

आणि श्रद्धेचे काय, असे कोणी विचारील. महानगरपालिकेने याच चिखलीत संत तुकाराम महाराजांच्या नावाने संतपीठ उभारले आहे. तेथे शालेय अभ्यासक्रमाबरोबर मुलांना संतवाङ्मय आणि संगीतही मिळते. आम्हांला यात विरोध दिसत नाही. टाळ येथे पडले ही कथा आम्ही लहानपणी आजीकडून ऐकली आणि आमच्या नातवंडांना सांगणार आहोत. पण ती विज्ञानाच्या तासाला सांगणार नाही, आणि विज्ञानाचा तास तिच्यासाठी कमी करा असेही म्हणणार नाही. तुकोबांच्या नावाने तसे मागण्याची गरज वारकऱ्याला कधी पडलेली नाही.

त्या मुलाला आम्ही काय उत्तर दिले ते सांगून संपवतो. त्या रात्री थोरल्या मुलीचे पुस्तक मधे ठेवून दोघा भावंडांनी तो पहिला धडा आम्हांला वाचून दाखविला. मुलगी मराठीत वाचीत गेली, मुलगा अडेल तेथे जुन्या इंग्रजी पुस्तकात पाहत गेला. अवशेषांगांपाशी आल्यावर त्यांच्या आजीने माकडहाड म्हणजे काय ते विचारले, आणि कळल्यावर स्वतःची पाठ चाचपून पाहिली. मुलगा पुढे आय.टी.आय.त गेला. धडा त्याच्या परीक्षेत आला नाही, पण त्याला तो येतो.